आर्डिथच्या नावाचं मांस

शाळेच्या स्वयंपाकघरात आर्डिथ स्कॉगिन्स आणि मी एकाच ओट्याशी उभ्या राहून म्हाताऱ्या झालो. ती मोठ्या पातेल्यांवर, मी पावाच्या भट्टीवर. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. ताट घेऊन रांगेत आलेल्या पोराकडे एकदा बघितलं की काल त्याच्या घरी चूल पेटली होती की नाही हे तिला समजायचं. मग त्याच्या ताटात बटाट्याचा आणखी एक डाव पडायचा.

तिचं घर पँथर फोर्क ओढ्याच्या वरच्या अंगाला. मिसूरीच्या दक्षिणेकडचे आमचे हे डोंगर असे आहेत की नांगर घातला तर मातीच्या आधी दगड वर येतो. म्हणून इथे पीक फारसं कुणी घेत नाही. गवत उगवतं आणि गवतावर गाई. आर्डिथ आणि तिचा नवरा व्हर्लिन यांच्या गाई लालभडक रंगाच्या, बुटक्या आणि शांत होत्या. शेजारच्या कुंपणापलीकडे व्हर्लिनचा थोरला भाऊ लॉइड. बाप ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा व्हर्लिन लहान होता. लॉइडने शाळा सोडली, त्याला वाढवलं, आणि त्याच्या लग्नात जमिनीचा चांगला तुकडा त्याच्या नावावर करून दिला. व्हर्लिन बाप म्हणून कुणाकडे बघत असेल तर तो लॉइडकडे.

पानं लाल व्हायच्या सुमाराला सगळ्या डोंगरातली दूध सुटलेली वासरं ट्रेलरमधून लिलावाला जायची. मधे गोल रिंगण, पायऱ्यांवर व्यापारी, पुकारणाऱ्याची न थांबणारी जीभ. आर्डिथचं वासरू रिंगणात एक फेरी पुरी करायच्या आत विकलं जायचं. कुणीतरी एक बोट हलवायचा आणि वासरू पलीकडच्या दाराने बाहेर. तिथून ते कॅन्ससकडे कुठेतरी जायचं, मक्यावर गुरं फुगवणाऱ्या मोठ्या आवारांत. पुढे त्याचं काय झालं हे कुणाला ठाऊक नसायचं. व्हर्लिनला त्याचं काही वाटत नसे. लिलावाचा दिवस त्याला आवडायचा. तिथल्या उपाहारगृहात तो आणि लॉइड शेजारी बसून मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि त्यावर पांढरी ग्रेव्ही खायचे आणि पावसाबद्दल बोलायचे.

आर्डिथला मात्र वाटायचं. एकदा शाळेला आलेलं गोठवलेल्या मांसाच्या टिक्क्यांचं खोकं फोडताना ती म्हणाली, "नेल्डा, यातलं एखादं माझ्या गाईचं असेल."

"असेल की."

"असलं तरी मला कळणार नाही. खाणाऱ्या पोरालाही नाही." तिने टिक्की उजेडात धरून बघितली. "ह्याला मांस म्हणायचं तरी कसं. ह्याला ना गाव, ना घर."

त्या हिवाळ्यात शेतकी खात्याने तालुक्याच्या सभागृहात एक बैठक घेतली. थोड्या गाई असलेल्यांनी आपलं मांस स्वतः कसं विकावं, हा विषय. पुरुष मंडळी आली ती पाय मिळणार म्हणून, गोड सारणाचा तो पाय बायकांनी घरून करून आणला होता. खात्याची तरुण बाई पडद्यावर चित्रं दाखवत समजावत होती: शहरात थोडी माणसं अशी आहेत ज्यांना गवतावर वाढलेलं, ओळखीच्या माणसाने विकलेलं मांस हवंय. त्यांच्यापाशी जा. लिलावातल्या व्यापाऱ्यासाठी सगळी वासरं सारखीच, पण ह्या गिऱ्हाइकाला तुमचं नाव हवंय.

लॉइड मागच्या खुर्चीवरून म्हणाला, "बाई, माझी गाय मला ओळखत नाही, तर गिऱ्हाईक काय ओळखणार?"

सगळे हसले. ती बाईही हसली. आर्डिथ हसली नाही. पाय संपला, माणसं पांगली, आणि ती पुढच्या रांगेत जाऊन त्या बाईला प्रश्न विचारत बसली. मी गाडीत थांबून कंटाळले.

घरी तिने हे सांगितल्यावर व्हर्लिनने डोकं हलवलं. "लोकांना मांस स्वस्त हवं असतं, आर्डिथ."

"सगळ्यांना नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी रोज अख्ख्या शाळेला जेवू घालते. लोकांना चव कळते. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच."

पुढच्या शरदात तिने आपल्या गोऱ्ह्यांतले काही लिलावाला पाठवलेच नाहीत. मक्याचा दाणा न देता, फक्त गवतावर त्यांना पोसायचं म्हणजे आणखी दोन हिवाळे सांभाळायला लागतं. तिने सांभाळले. आज ह्या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात, असं रोज तारेचं हलकं कुंपण सरकवत गुरं फिरवायची. शाळा सुटली की रबरी बूट घालून ती डोंगरावर. व्हर्लिन आधी लांबून बघायचा, मग खांब उचलायला यायला लागला.

कापण्याचं काम ओर्व्हल टॅकेटकडे. गावाबाहेर सिमेंटच्या ठोकळ्यांचा त्याचा छोटा खाटीकखाना होता. सरकारी तपासनीस तिथे येऊन शिक्का मारायचा, आणि तो शिक्का असला तरच मांस पाकिटातून सुटं विकता येतं. आमच्या भागात असा शिक्का मिळणारी ती एकच जागा. ओर्व्हल बोलायला तुसडा, पण हात सोन्याचे. पाकिटांवर आर्डिथने छापून घेतलं: पँथर फोर्क, स्कॉगिन्स कुटुंब, फक्त गवत.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघी स्प्रिंगफील्ड शहरातल्या बाजारात गेलो. टेबलावर चौकटीचं कापड, मागे बर्फाच्या पेट्या. एका बाजूला मधवाला, दुसरीकडे टोमॅटो. लोक यायचे, भाव बघायचे आणि मधाकडे सरकायचे. एक बाई म्हणाली, "दुकानात ह्याच्या निम्म्यात मिळतं की." आर्डिथ म्हणाली, "हो, मिळतं." आणि गप्प. मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, पुढे काहीतरी बोल ना." ती म्हणाली, "काय बोलू? खरंच मिळतं."

दुसऱ्या शनिवारी मात्र तिने घरून बिडाचा तवा आणि गॅसची शेगडी आणली. खिम्याला फक्त मीठ लावलं, छोटे गोळे परतले आणि काड्यांना टोचून लोकांना दिले. वास सगळ्या बाजारभर गेला. एक म्हातारा खाऊन तिथेच थांबला. म्हणाला, "माझी आई असं करायची. मला वाटलं होतं, मीच चव विसरलोय." त्याने तीन पाकिटं नेली. त्याच्या मागे रांग लागली.

त्यानंतर स्टेकचे जाड काप सकाळीच संपायला लागले आणि खिमा उरायला लागला. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाचं हेच रडगाणं असतं. एका गोऱ्ह्यात स्टेक मूठभर, खिमा डोंगराएवढा. आर्डिथ स्वयंपाकीण होती म्हणून तरली. खिम्यात तिने मिरी आणि सेजचा वाळवलेला पाला घालून ओर्व्हलकडून सॉसेज भरून घेतले, धुरावलेल्या मांसाच्या लांब काड्या करून घेतल्या. शिकारीला जाणारी माणसं त्या खिशात टाकून न्यायची. हाडं सूप करणाऱ्यांना विकली. जीभ आणि नळ्या टोबिन अस्क्यू नावाचा एक तरुण आचारी न्यायचा. शहरात त्याचं बारकंसं उपाहारगृह होतं, आणि पदार्थांच्या यादीत तो पँथर फोर्कचं नाव छापायचा. आर्डिथने ती यादी स्वयंपाकघरात चिकटवली. व्हर्लिन येताजाता तिच्याकडे बघायचा आणि बघत नसल्यासारखं करायचा.

नेहमीच्या गिऱ्हाइकांत मिस कॉर्लिस पेनिक नावाच्या निवृत्त ग्रंथपाल होत्या. कायम टोपी घातलेली. त्यांची आजारी बहीण घरी होती आणि तिच्यासाठी त्या दर आठवड्याला हाडं आणि खिमा न्यायच्या. पैसे देण्याआधी ठरलेला प्रश्न, आणि आमच्याकडच्या रीतीने लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणत: "मिस आर्डिथ, हे तुमच्याच डोंगरावरचं ना?" आणि आर्डिथ ठरलेलं उत्तर द्यायची, "माझ्या खिडकीतून दिसत होतं, मॅडम." मग दोघी हसायच्या. मला कधीकधी वाटायचं, मिस कॉर्लिस मांसासाठी कमी आणि त्या उत्तरासाठी जास्त येत असाव्यात.

मागणी वाढली, तिची गुरं पुरेनात. मग तिने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. लॉइड आला, ओढ्याच्या खालच्या अंगाचे तिघे आले. बीन्स, मक्याची पोळी आणि तिच्या स्वतःच्या गुरांचं रोस्ट. जेवण झाल्यावर ती उभी राहिली. उभं राहून बोलताना मी तिला त्या आधी कधी बघितलं नव्हतं.

"जनावर आपल्याच कुंपणात जन्मलेलं हवं. बाहेरून आणलेलं नाही. मका नाही. औषध दिलं तर ते जनावर लिलावाला जाईल, माझ्या पेटीत येणार नाही. बाकी तुम्ही कसं वाढवता ते मी विचारणार नाही."

"लिहून घेणार का आमच्याकडून?" खालच्यांपैकी एकाने विचारलं.

लॉइडने खुर्ची मागे सरकवली. "आपल्यात लिहायचं काय? हात मिळवला की झालं." आणि टेबलाभोवती फिरून त्याने सगळ्यांशी हात मिळवला, सगळ्यात शेवटी आर्डिथशी. "बाईच्या डोक्यात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त उजेड आहे," तो म्हणाला. तेव्हा तो मनापासून बोलला होता. आजही मी तेच म्हणेन.

पुढची काही वर्षं चांगली गेली. ओर्व्हलने दोन माणसं नवी घेतली. लॉइडने घराचं छप्पर बदललं. लिलावातल्या व्यापाऱ्यांना तो सांगत सुटायचा, "माझी गुरं आता नाव लावून जातात." व्हर्लिनही शनिवारी आमच्याबरोबर यायला लागला होता. टेबलामागे हात बांधून उभा राहायचा, आणि कुणी गाईबद्दल विचारलं की तासभर बोलायचा. आर्डिथ मला हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून हा एवढा बोललेला मी ऐकला नव्हता."

मग तो दुष्काळ आला. वसंतातच गवत थांबलं. जूनमध्ये डोंगर तपकिरी झाले, ऑगस्टमध्ये पायाखाली राखेसारखा आवाज व्हायला लागला. तळ्यांच्या तळाला भेगा पडल्या. वाळलेल्या गवताचे गठ्ठे लांबून यायचे आणि त्यातही काड्याच जास्त असायच्या. रोज लिलावाबाहेर ट्रेलरांची रांग. माणसं गाभण गाई विकून रिकामी घरी जायची आणि एकमेकांकडे बघायची नाहीत.

आर्डिथने आपल्या निम्म्या गाई काढल्या. बाजारात टेबलावर पाटी लावली की यंदा माल कमी, समजून घ्या. खालच्या तिघांनीही कमी दिलं. लॉइडकडून मात्र पूर्वीइतकीच गुरं ओर्व्हलकडे जात होती. आर्डिथ म्हणायची, "लॉइडच्या खालच्या कुरणात झरा आहे, म्हणून निभावलं त्याला." आणि त्याच्या मालावर आम्ही बाजार चालवत होतो. टोबिनला त्याची ऑर्डर पुरी मिळत होती. मिस कॉर्लिसनाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती तव्यापाशी उभी होती. लॉइडच्या गुरांतल्या खिम्याचं पाकीट तिने घरी जेवणासाठी फोडलं होतं. तवा गार झाला होता आणि कडेला चरबी गोठली होती.

"बघ," ती म्हणाली.

"काय बघू?"

"रंग."

चरबी पांढरी होती, मेणबत्तीसारखी. गवतावरच्या जनावराची चरबी पिवळसर असते, लोण्याच्या रंगाची. इतकी वर्षं पाकिटं भरून मलाही ते माहीत होतं.

"वाळलेलं गवत खाल्लं की रंग उतरतो," मी म्हणाले.

"उतरतो. पण इतका नाही." तिने बोटाने थोडीशी उचलून जिभेवर ठेवली. "आणि ही गोड लागतेय."

ती मला बरोबर घेऊन ओर्व्हलकडे गेली आणि लॉइडची गुरं कुठून येतात ते विचारलं. ओर्व्हलने सुरी पुसली, ठेवली, पुन्हा उचलली. "मला वाटलं तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "कातड्यांवर गोंद असतो, लिलावात कमरेवर नंबराचा कागद चिकटवतात त्याचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून. घरातलीच माणसं तुम्ही, मला वाटलं आपसात ठरलं असेल."

"मला विचारायचं होतंस, ओर्व्हल."

"माझं काम कापायचं आहे, आर्डिथ."

तिथून ती सरळ लॉइडच्या दाराशी. तो ओसरीवर बसला होता. त्या उन्हाळ्यात तो फार वाळला होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. गोठ्यामागे मक्याच्या गोण्या होत्या, त्या त्याने झाकल्याही नव्हत्या.

"कधीपासून?" आर्डिथने विचारलं.

"झरा आटला तेव्हापासून."

"मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, देऊ नको. आणि मग मी काय केलं असतं? सगळ्या गाई विकल्या असत्या. माझ्या बापाच्या गाईंचं रक्त आहे ते. ते राहावं म्हणून मी लिलावातली उचलली, महिना-दीड महिना मका घातला आणि पाठवली. खाणाऱ्या कुणाचं पोट दुखलं? कुणी मेलं?"

"माझं नाव आहे त्यावर, लॉइड."

"स्कॉगिन्स नाव आहे. ते माझं आधी आहे." मग त्याचा आवाज खाली आला. "आर्डिथ, तू मांस विकतेस का गोष्ट विकतेस?"

"दोन्ही," ती म्हणाली. "गोष्ट खोटी असेल तर माझ्याकडे आणि दुकानाकडे फरक काय राहिला?"

"पाऊस पडेल. गवत येईल. मग पुन्हा पहिल्यासारखं करू. एवढे दिवस गप्प राहा."

घरी व्हर्लिननेही तेच सांगितलं. ओरडून नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागतोय. त्याने मला वाढवलंय, आर्डिथ. त्याला गावासमोर उभं करू नको."

"मी गावासमोर करत नाहीये. जे पैसे देऊन घेतात त्यांना सांगायचंय."

"तेच गाव. दोन दिवसांत इथे पोचेल."

पुढच्या शनिवारी व्हर्लिन घरीच राहिला, आणि आम्ही दोघी बाजारात गेलो तेव्हा ती काही बोलणार नव्हती. वाटेत तिने मला तसं सांगितलं होतं. लॉइडची पाकिटं तिने पेटीत तळाला ठेवली होती, वर आपली. म्हणाली, आपली पुरतील तोवर आपलीच देऊ, पुढचं पुढे. सकाळ तशी गेली. मग मिस कॉर्लिस आल्या. त्या दिवशी बहिणीला बरं नव्हतं, त्या घाईत होत्या. आणि पेटीत वरचा खिमा संपला होता. आर्डिथने खालून दोन पाकिटं काढून हातात धरली.

"मिस आर्डिथ, हे तुमच्याच डोंगरावरचं ना?"

आर्डिथने तोंड उघडलं. मी तिच्या शेजारीच होते. तिने पाकिटं परत पेटीवर ठेवली. मिस कॉर्लिस पैसे काढता काढता थांबल्या. शेवटी आर्डिथ म्हणाली, "नाही, मॅडम. हे लिलावातलं आहे. मका खाल्लेलं. उन्हाळ्यापासून तुम्ही नेलेलं बरंचसं असंच असणार. मला चारच दिवसांपूर्वी कळलं, पण पाकिटावर माझं नाव आहे."

मिस कॉर्लिसनी पर्स बंद केली. "माझी बहीण दुसरं काही खात नाही," त्या म्हणाल्या. "तिला मी सांगते की हे तुमच्या खिडकीसमोरचं आहे." मग त्या गेल्या. नंतर आमच्या टेबलाशी त्या कधी आल्या नाहीत.

त्यानंतर आर्डिथने कुणाला टाळलं नाही. आलेल्या प्रत्येकाला तिने तेच वाक्य सांगितलं, ज्याने मागितले त्याला पैसे परत केले. काही चिडले. एक माणूस मोठ्याने म्हणाला की सगळे असेच असतात, ही पकडली गेली एवढंच. एक-दोघं खांदे उडवून म्हणाले, ठीक आहे, द्या, चव बरी आहे. हे ऐकून ती जास्त खचली. दुपारी ती टोबिनच्या उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी गेली. त्याने हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "जुलैमध्येच. नळ्यांची चरबी बघून."

"मग बोलला का नाहीत?"

"याद्या छापल्या होत्या, मिस आर्डिथ. लोक तेच नाव बघून येतात. मला वाटलं, तुम्हीही माझ्यासारखंच बघून न बघितल्यासारखं करताय." तो ओशाळला. "तुम्ही सांगितलं नसतं तर चाललं असतं. आता मला ते नाव काढावं लागेल."

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "म्हणजे ओर्व्हलला माहीत होतं. ह्यालाही माहीत होतं. नेल्डा, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मी सगळ्यांना सांगितली का गं?"

मी गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली.

बाजाराच्या समितीने पुढच्या आठवड्यात जागा काढून घेतली. नम्रपणे, दोन ओळींत. खालच्या तिघांनी काहीच वावगं केलं नव्हतं, पण त्यांचं मांसही कुणी घेईना. त्यांच्यापैकी एकजण आर्डिथच्या दारात येऊन म्हणाला, "लॉइडने चोरी केली, बाई, पण घर तू जाळलंस." तिने त्याला आत बोलावलं, कॉफी पुढे केली. तो आत आला नाही. ओर्व्हलकडचं काम आटलं. हिवाळ्यात त्याने खाटीकखाना बंद केला. ती नवी दोन माणसं गाव सोडून गेली. आता आमच्याकडे कुणाच्या मनात आलं तरी शिक्क्याचं मांस विकता येत नाही, कारण शिक्का मारणारी जवळची जागा अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहे आणि तिथले लोक बारक्यांचा माल घेत नाहीत.

लॉइडने नाताळाच्या आधी सगळ्या गाई विकल्या. बापाच्या रक्ताच्यासुद्धा. तो तल्सा शहरात मुलीकडे गेला आणि फेब्रुवारीत तिथेच वारला. हृदय बंद पडलं. पाऊस तोवर सुरू झाला होता. मातीच्या दिवशी व्हर्लिनने काळा कोट घातला आणि दारात उभं राहून आर्डिथला म्हणाला, "तू येऊ नको."

ती आली नाही. तिने पुतणीच्या घरी पोचवायला हॅम भाजून कागदात बांधून त्याच्या गाडीत ठेवलं होतं. संध्याकाळी तो ते जसंच्या तसं घेऊन परत आला.

त्याच वसंतात व्हर्लिनने उरलेली गुरं काढायची ठरवली. गवत तेव्हा गुडघ्याएवढं होतं, अशी हिरवाई कित्येक वर्षांत आली नव्हती. तिने वाद घातला नाही. स्वतः ट्रेलरमध्ये चढवली, एकेक, नावाने हाक मारून. मी लिलावाला तिच्याबरोबर गेले. गवतावर दोन हिवाळे सांभाळलेले तिचे शेवटचे गोऱ्हे रिंगणात आले तेव्हा पुकारणाऱ्याने त्यांच्याबद्दल एक शब्द वेगळा काढला नाही. व्यापारी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "जरा हलके आहेत. मका मिळालेला दिसत नाही." आणि इतरांपेक्षा कमी भावाला त्याने बोट हलवलं. आर्डिथ पायरीवर बसून होती. ती रडली नाही. तिने मला विचारलं, "तो काय म्हणाला, ऐकलंस?" मी म्हणाले, ऐकलं.

व्हर्लिन आणि ती अजून त्याच घरात आहेत. तो आधी जेवतो, ती मागाहून. कामापुरतं बोलतात. शाळेतली नोकरी तिने निवृत्तीच्या आधीच सोडली, कारण रांगेतल्या पोरांचे आईबाप त्या खालच्या तिघांचे नातेवाईक, आणि मुलं घरात ऐकलेलं शाळेत बोलून दाखवतात. आता ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात मांसाच्या कपाटामागे उभी असते. बंद खोक्यांतून माल येतो, ती पातळ कागदात गुंडाळून त्यावर वजनाची चिठ्ठी चिकटवते. हातमोजे, केसांना जाळी.

मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. माझ्यापुढे एक तरुण बाई होती, कडेवर मूल. तिने एक पाकीट उचललं आणि विचारलं, "हे कुठलं आहे हो?"

"माहीत नाही," आर्डिथ म्हणाली. "खोक्यावर कारखान्याचा आकडा असतो. हवा असेल तर सांगते."

"नको, नको. सहज विचारलं." बाईने पाकीट सामानाच्या ढकलगाडीत टाकलं आणि ती पुढे गेली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या आवारात माझ्या गाडीत बसलो. तिने डब्यातलं सँडविच उलगडलं, अर्धं मला दिलं. मी तिला विचारलं. इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "आर्डिथ, परत तीच वेळ आली, मिस कॉर्लिस समोर उभ्या आहेत, तर काय करशील?"

ती समोरच्या भिंतीकडे बघत चावत राहिली. घास संपल्यावर म्हणाली, "आधी मला वाटायचं की मी बरोबर केलं आणि म्हणून एक दिवस हे सगळं जागेवर येईल. आता तसं वाटत नाही. चुकलं असंही वाटत नाही. नेल्डा, मला काहीच वाटत नाही आताशा."

मग तिने जाळी केसांवर ओढली, दार उघडलं आणि कामावर परत गेली.